पाठमोरा

सोयाबीन निघालं की आमच्या आंजी गावाची हवा खरबरीत होते. दिवसभर कुठं ना कुठं मळणीयंत्र धडधडत असतं, त्याचा भुसा हवेत तरंगत असतो आणि रविवारी माझ्या छपरीत शिंकणाऱ्यांची रांग लागते. आठवडाभर मी पिपरी मेघेत दवाखाना चालवते आणि रविवारी गावी, आईबाबांच्या घराच्या पुढच्या छपरीत, एक टेबल आणि दोन स्टूल टाकून बसते. डोळ्यांतून पाणी गाळत माणसं येतात आणि मी विचारते, "शिंका घरात जास्त येतात का बाहेर? सकाळी का दिवस बुडताना?" परवा एक म्हातारबुवा वैतागून म्हणाले, "बाई, शिंक आली का मी नाक धरू का घड्याळ पाहू?" मला हसू आलं, पण विचारायचं काही मी सोडलं नाही. आम्हा होमिओपॅथीवाल्यांची ही खोडच आहे. दुखतं तिथं औषध लावून मोकळं व्हायचं आम्हाला शिकवलेलंच नाही. तहान किती, घाम कुठं, राग आला की बोलता का गिळता, सगळं खणून काढायचं. आणि शेवटी, पेशंट उठायच्या बेतात असताना, एक प्रश्न हमखास: "सपनं कशी पडतात?"

वर्षभर हा प्रश्न मी सहज विचारते. फक्त ह्या दिवसांत तो तोंडाशी येऊन अडतो.

ह्या दिवसांत म्हणजे दसरा सरून दिवाळी येईपर्यंत आणि पुढं थोडे दिवस. दुपारी ऊन चावतं आणि पहाटे मेथीच्या वाफ्यांवर दव असतं. कापसाची बोंडं फुटू लागलेली असतात, ज्यांच्याकडे रीत आहे ते शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून वेचणीला लागतात. बांधावरची तूर फुलून पिवळी होते. लोकांना हे दिवस सणाचे वाटतात आणि त्यांचं काही चुकत नाही. मला मात्र ह्या दिवसांची भीती वाटते. स्पष्टच सांगते, भीती. पहाटे जाग आली की मी लगेच उठून बसते, डोळे उघडे ठेवून अंथरुणात पडून राहत नाही. नवरा म्हणतो, तुला काय गजर लावलाय का आतून? लावलाय खरा, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी.

कॉलेजात आमची मजा होती. बारावीच्या मार्कांनी जिकडं ढकललं तिकडं आलेल्या आम्ही पोरी. पहिलं वर्ष सगळ्यांनी रडण्यात घालवलं. माझा एक मामा मला अजूनही साबुदाण्याची डॉक्टर म्हणतो. पण दुसऱ्या वर्षी औषधांची वर्णनं शिकवायला लागले आणि आम्ही येड्या झालो. कारण आमच्या पुस्तकात औषध म्हणजे नुसतं औषध नसतं, तो एक माणूस असतो. हे औषध चिडकं, पहाटे उठून कामाला लागणारं. ते औषध रडवं, मोकळ्या हवेत बरं वाटणारं, कुणीतरी पाठीवरून हात फिरवावा म्हणून आसुसलेलं. हॉस्टेलातली प्रत्येक पोरगी आपापली लक्षणं घेऊन आरशापुढं. निम्म्या पोरी ते रडवं पल्सेटिला निघाल्या, मेसचा स्वयंपाकी चिडकं नक्स व्होमिका ठरला आणि वॉर्डनबाईंना कोणतं औषध द्यावं ह्यावर आमची भांडणं झाली. मग सुट्टीत घरी गेलं की घरच्यांवर प्रयोग. बाप कोणता, काकू कोणती, शेजारची म्हैससुद्धा आम्ही सोडली नाही.

माझ्या आईला मी एका नजरेत ओळखलं. नेट्रम मूर. दुःख गिळून बसणारी, चारचौघांत न रडणारी, कुणी सांत्वन करायला आलं की उलट जास्त बिघडणारी. पुस्तकात जणू तिचाच फोटो लावला होता. त्याला कारणही तसंच होतं. माझा मोठा भाऊ मंगेश मी पहिल्या वर्षाला असताना गेला होता.

आमचं भाजीचं शेत. वांगी, मेथी, पालक, सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. दादा पहाटे मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना जुड्यांची गाठोडी बांधायचा आणि उजाडता उजाडता वर्ध्याच्या बाजारात पोचायचा. त्या दिवशीही तसाच निघाला. वाटेत ट्रक आला. एवढंच आहे ते, त्यात आणखी सांगण्यासारखं काही नाही.

पण घराला एवढ्यावर भागत नाही. घराला एक गोष्ट लागते. आमच्या घराची गोष्ट अशी होती, की दादा त्या दिवशी घाईत डबा विसरून निघाला. आई डबा घेऊन दारापर्यंत धावली, तिनं मोठ्यानं हाक मारली, पण तो थांबला नाही. थांबला असता तर ट्रक पुढं निघून गेला असता. आईनं ही गोष्ट तेरवीच्या दिवशी सांगितली आणि त्यानंतर बाबांनी सांगितली, काकांनी सांगितली, गावानं सांगितली. "माय हाक मारून राह्यली होती, पोरानं आयकलं असतं तर वाचला असता." मी हॉस्टेलात होते, बाबा शेतावर होते. घरी ती दोघंच होती. बाबा ही गोष्ट सांगताना दर वेळी त्याच जागी थांबून नाक शिंकरायचे. आई मात्र नुसती ऐकत बसायची.

तिसऱ्या वर्षी ह्याच मोसमात आमच्या सरांनी प्रूव्हिंग घ्यायचं ठरवलं. प्रूव्हिंग म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या शास्त्रात औषधाची परीक्षा आजारी माणसावर घेत नाहीत, धडधाकट माणसावर घेतात. निरोगी माणसांनी ते औषध घ्यायचं, आणि मग शरीरात, मनात, झोपेत जे जे बदलेल ते सगळं टिपून ठेवायचं. औषध कोणतं ते सांगत नाहीत. शिवाय काहींच्या पुडीत औषध असतं, काहींच्या पुडीत नुसत्या साखरेच्या कोऱ्या गोळ्या, आणि कुणाला काय मिळालं हे शेवटी सरच उघड करतात. कडक, जुन्या वळणाचे आमचे सर. एका वेळी एकच औषध, आणि ते दिल्यावर हाताची घडी घालून वाट बघायची, हा त्यांचा धर्म. प्रूव्हिंग न करता डॉक्टर झालेला माणूस त्यांना न पोहता पाण्यावर बोलणारा वाटे. आम्ही हौसेनं नावं दिली.

नियम पुष्कळ. कॉफी नाही, कच्चा कांदा नाही, अत्तर नाही, कापूर नाही, डोकं दुखलं तरी बाम नाही. आपसांत लक्षणं बोलायची नाहीत. प्रत्येकाला एक सीनियर नेमून दिलेला. त्यानं रोज पहाटे फोन करायचा आणि आपण अंथरुणातून पाय खाली टेकवायच्या आधी रात्रीचं स्वप्न सांगून टाकायचं, कारण जमिनीला पाय लागला की स्वप्न निसटतं. मला मिळाली स्नेहलताई, इंटर्नशिप करणारी, वडनेरची. तिलाही नियम होता. सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही. भीती वाटली का, रडू आलं का, असं काही म्हणायचं नाही. फक्त एकच म्हणायचं, "आणखी काय?"

पहिले दिवस हसण्यातच गेले. एका पोराला डाव्या कानाच्या पाळीला जबरदस्त खाज सुटली. त्यानं वेळ, बाजू, खाजवल्यावर कमी का जास्त, सगळं इमानदारीत लिहिलं. दोन दिवसांनी मच्छरदाणीत मच्छर सापडला. मला तर काहीच होईना. भूक लागली की वाटायचं, हे लक्षण असेल का? नाही लागली की वाटायचं, हेच असणार. मग दिवाळीची सुट्टी लागली आणि मी गोळ्यांची शेवटची पुडी घेऊन आंजीला आले. आईला नियम सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे औंदा आरतीले कापूर नाई?" मी म्हटलं, "माह्यासाठी नको ना वं लावू." तिनं कापराची डबी शेजारच्या घरी नेऊन ठेवली. सुनी आरती झाली. बाबा म्हणाले, देवबी म्हनत असन, डॉक्टर व्हायच्या आधीच पोरगी वटवट करून राह्यली.

आणि मग दादा यायला लागला.

तो गेल्यापासून माझ्या स्वप्नात एकदाही आला नव्हता. आता पहाटे, जाग यायच्या जरासं आधी, तो दिसायचा. पहिल्यांदा गावाबाहेरच्या रस्त्यावर. मोटरसायकल, दोन्ही बाजूंना गाठोडी, गाठोड्यांतून पाणी गळून रस्त्यावर ओली रेघ पडत चाललेली, आणि मी त्या रेघेवरून मागं मागं चालतेय. त्याची मान उन्हानं काळवंडलेली, पट्ट्यापट्ट्यांचा टी-शर्ट पाठीला चिकटलेला. दुसऱ्यांदा मोटरपंपाच्या खोलीत, खाली बसून काहीतरी पिळत होता. एकदा तर चक्क आमच्या हॉस्टेलच्या जिन्यात. प्रत्येक वेळी पाठमोरा. मी कितीही पुढं गेले तरी पाठच दिसायची.

स्नेहलताईचा फोन आला की मी पांघरुणातूनच सांगायची. "दादा दिसला."

"आणखी काय?"

"पाठमोरा होता."

"आणखी काय?"

"आणखी काई नाई, ताई."

एका पहाटे तिनं नियम मोडला. हळूच म्हणाली, "वैशाली, तोंड दिसलं का गं एकदा तरी?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "बरं, पाणी पी." तिचा आवाज घाबरल्यासारखा वाटला.

आमच्या घरात झोपायची खोली एकच. आई माझ्या शेजारी झोपायची आणि हे सगळं तिच्या कानावर पडायचं. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. अशीच एकदा फोन ठेवून मी वळले तर ती उठून बसलेली. केस सुटलेले, हात मांडीवर. म्हणाली, "वैशू, तो तुह्या सपनात येऊन राह्यला?"

"हो."

"माह्या तर एकदाबी नाई आला."

माझी आई, जी नवऱ्यापुढं रडली नव्हती, ती माझ्या गोळ्यांच्या पुडीकडे बघत होती. मला वाटलं, आता ही गोळ्या मागते. पण तिनं मागितलं ते वेगळंच.

"त्याले एक विचारशीन का?"

"सपनात कोनाले काई विचारता येते का, आई?"

"तू विचारजो तं खरी. मी डबा घेऊन हाक मारली होती, ते त्याले आयकू आली का नाई. एवढंच विचारजो."

बाई गं! मला कळलं की एवढे दिवस ही बाई काय घेऊन बसली आहे. त्यानं हाक ऐकली आणि रागानं थांबला नाही, का त्याला ती ऐकूच गेली नाही? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. ऐकली असेल तर तो आईवर रुसून गेला. ऐकली नसेल तर कुणी बोलावतंय हे न कळताच गेला. ह्यातलं कोणतं उत्तर आईला सोसेल ते मला ठरवता येईना. खोटं सांगायचं म्हटलं तरी कोणतं खोटं सांगू? शास्त्राप्रमाणे बघितलं तर मी आता प्रूव्हिंगच्या कामाचीच राहिले नव्हते, कारण जे स्वप्न मागून घेतलं ते स्वप्न धरत नाहीत. तरी मी झोपायला जाताना तो प्रश्न मनात घोकायला लागले. पोरं परीक्षेच्या आधी व्याख्या घोकतात, तशी.

भाऊबीजेला तो येईल असं मला वाटलं होतं. आईलाही वाटलं असावं, तिनं त्या सकाळी माझ्याकडे दोनतीनदा पाहिलं. पण भाऊबीज कोरडी गेली. चंद्राला ओवाळून मी आत आले. पुढंही काही दिवस तो दिसला नाही. मी ते सोडून दिलं. मग सुट्टी संपत आलेली, उद्यापरवा हॉस्टेलला निघायचं, अशा एका पहाटे तो गावाच्या वेशीवर उभा होता. गाडी स्टँडला लावलेली आणि तो गाठोड्याची दोरी ताणत होता. मी त्याच्या पाठीशी जाऊन म्हटलं, "दादा, आई विचारते, तुले आयकू आली का हाक?" स्वप्नात माझा आवाज फुटला ह्याचंच मला नवल वाटलं. त्यानं दोरीची गाठ मारली. मग नेहमीच्या, जरा कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "आयकलं. सांग तिले, आयकलं म्हना मी." आणि किक मारून निघून गेला. वळून त्यानं काही पाहिलं नाही.

मी उठले ते घामानं भिजून. फोन यायच्या आधीच आईला हलवून सांगितलं. ती ताडकन बसली. पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

"रागात होता का?"

"नाई वं. रोजच्यासारखाच."

"तोंड कसं होतं?"

"तोंड नाई दाखवलं त्यानं. पाठ होती."

आई "बरं" म्हणाली, उठली आणि मागच्या अंगणात मेथीच्या जुड्या बांधायला जाऊन बसली. ती रडली नाही, आणखी काही विचारलं नाही. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! तिच्या मुलानं तिची हाक ऐकली होती, आणि आवाजात राग नव्हता. याहून चांगलं उत्तर मला बनवूनही देता आलं नसतं. हॉस्टेलला परतताना बसमध्ये मी खिडकीपाशी बसून मन भरून रडले. ते बरं वाटण्याचं रडणं होतं.

थंडी पडल्यावर सरांनी आम्हा सगळ्यांना बसवलं आणि कुणाला काय मिळालं होतं ते एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. मच्छरवाल्याच्या पुडीत औषध होतं, तेव्हा केवढा हशा झाला. माझ्या नावाशी आल्यावर सर चष्मा वर करून म्हणाले, "वैशाली, तुझ्या गोळ्या कोऱ्या होत्या. तुझं सगळं आपण बाजूला काढतोय." बाजूला काढतोय म्हणजे काय, तर गाळतोय. माझा भाऊ, त्याची काळवंडलेली मान, रस्त्यावरची ओली रेघ, हे कशाचंच लक्षण नव्हतं. मी मान हलवली. बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. औषधानं आला असता तर तो औषधाचा होता. आता तो कुणाचा?

पुढच्या खेपेला घरी गेले तेव्हा मी आईला हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. मला वाटलं तिला आनंद होईल. "आई, त्या गोळ्यांत काईच नव्हतं. नुस्ती साखर होती."

ती भाकर थापत होती. थांबली. "म्हंजे औषधानं नाई आला तो?"

"नाई."

"मंग सोताहून आला."

"असंच म्हनायचं."

भाकर तव्यावर करपली. आईच्या हातची करपलेली भाकर मी त्याआधी खाल्ली नव्हती. बाबांनी मुकाट्यानं खाल्ली, मीही खाल्ली, आणि विषय तिथंच संपला असं मला वाटलं.

दादा त्यानंतर माझ्या स्वप्नात आला नाही. मी पास झाले, इंटर्नशिप झाली, लग्न झालं, पिपरी मेघेत बोर्ड लागला. एवढ्या वर्षांत मी किती जणांची स्वप्नं ऐकली! कुणाला साप दिसतात, कुणाचे दात पडतात, कुणी परीक्षेला पेनच नेलेला नसतो. एक रिटायर झालेले गृहस्थ अजून स्वप्नात सहीसाठी साहेबांच्या केबिनबाहेर उभे असतात. कुणी म्हणालं की मेलेलं माणूस दिसतं, तर मी खाली बघून लिहीत राहते आणि विचारते, आणखी काय? पण ऐकताना माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडं असतं, की हा सांगताना त्या माणसाचं तोंड सांगतो का पाठ सांगतो. हे मी कोणत्याच पुस्तकात वाचलेलं नाही आणि ह्याचा मला काही उपयोगही नाही. आजवर पाठमोरं कुणाचं कुणी दिसलेलं नाही. सगळ्यांची माणसं हसतात, बोलतात, जेवायला मागतात.

परवाच्या रविवारी शेवटचा पेशंट गेला. दुपार कलायला लागली होती. बाबा वांग्यांना पाणी द्यायला गेले होते, समोरच्या घरी सोयाबीनची पोती उतरत होती. मी बाटल्या खोक्यात भरत होते, तर आई आतून आली आणि पेशंटच्या स्टुलावर बसली. डोक्यावरून पदर सारखा केला.

मी चेष्टेत म्हटलं, "काय त्रास आहे, आजीबाई?"

ती हसली नाही. म्हणाली, "माही केस घे."

इतक्या वर्षांत मी तिला कितीदा म्हटलं असेल, आई, एकदा नीट सांग, औषध देते. दर वेळी ती झटकून टाकायची, मले काय धाड भरली? मी खोकं खाली ठेवलं आणि समोर बसले. वही उघडली नाही, का कोण जाणे.

"सांग."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आम्हाला शिकवलेलं असतं, पेशंट गप्प झाला की आपण बोलायचं नाही.

"मी त्याले हाक मारलीच नाई," आई म्हणाली.

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय.

"डबाबी नव्हता. मी केलाच नव्हता त्या दिवशी. माहं नवं पातळ होतं ना, तुह्या मामानं घेतलेलं, थे त्यानं पान्यात बुडवलं आन सांबाराच्या गाठोड्यावर टाकलं. सांबार सुकू नये म्हनून. मी पाह्यलं आन माह्या अंगाचा भडका उडाला. लय बोलली मी. तो हसूनच राह्यला होता. मी म्हनलं, जाय, परत मले तोंड दाखवू नको. तो गाठ मारत होता. म्हने, आयकलं."

समोर पोतं धपकन पडलं. कुणीतरी कुणाला शिवी दिली.

"एवढंच बोलला. आयकलं म्हने, आन गेला. मंग तेरवीले सारे विचारत होते, शेवटचं काय बोलला, शेवटचं काय बोलला. मी काय सांगू? तोंडातून निघून गेलं, का मी हाक मारली. मंग थेच चाललं."

मी म्हटलं, "आणखी काय?" दुसरं काही मला येतच नव्हतं.

"तुले विचारायले लावलं थे असंच. वाटलं, तो जर म्हनला का हाक आयकली, तर मारली होती असंच समजू. पन तो काय म्हनला? आयकलं म्हना मी. आन पाठ." ती माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "मी म्हनलं थेच आयकलं पोरानं. अजून पाळून राह्यला. तोंड नाई दाखवत."

आमच्या जाड ग्रंथात शोक एका ठिकाणी दिलेला असतो आणि आपल्या हातून पाप झालं ही टोचणी दुसऱ्या ठिकाणी. दोन्हींची औषधं वेगळी. इतकी वर्षं मी आईला पहिल्या ठिकाणी बसवून ठेवलं होतं, आणि माझं उत्तर तिला औषध म्हणून लागलं असं समजून मी सुखात होते. मी तिचे हात धरले. म्हटलं, "आई, माहं आयक. सपन माहं होतं. तुहा प्रश्न घोकून घोकून मी झोपत होती, म्हनून मले तसं दिसलं. गोळ्या साखरेच्या होत्या. तो आला नव्हता, आई. थे माह्याच डोक्यातलं होतं."

"असंन," ती म्हणाली. "पन मी काय बोलली होती थे तुह्या डोक्यात कुठून आलं? तुले कुठं माहीत होतं?"

दादा कुणाशी बोलताना 'आयकलं' म्हणायचाच, ती त्याची सवय होती, हे मी नंतर स्वतःला पुष्कळ समजावलं. पण पाठ? मी किती अंगांनी विचार केला तरी त्या पाठीशी येऊन थांबते.

आई गुडघ्यावर हात देऊन उठली. मला वाटलं आत जाईल, चहा ठेवेल. ती दारात गेली. चौकटीला धरून उभी राहिली, रस्त्याकडं तोंड करून, आणि तिनं हाक मारली.

"मंग्याऽऽ!"

भर दिवसा, गावाच्या मधोमध. समोरचे पोती उतरवणारे थांबले. शेजारची बाई हातातलं सूप तसंच धरून बाहेर आली. आईला त्यांचं भान नव्हतं. तिचा आवाज असा मोठा मी लहानपणी ऐकला होता, शेताच्या ह्या टोकावरून त्या टोकाला जायचा.

"मंग्याऽऽ! ये रे बापा! ये, तोंड दाखव मले!"

तिला धरून आत आणायला हवं होतं. लोक बघत होते, उद्या गावभर झालं असतं. पण माझ्यानं उठवलं नाही. आईची पाठ माझ्याकडं होती, पदर घसरलेला, मान ताठ, आणि ती वाट बघत होती. ती हाक त्या रस्त्यावरून पुढं जाऊन तशीच विरून जाईल आणि ही बाई इथं दारात उभी राहील, हे मला सहन होईना. कुणीतरी उत्तर द्यायला पाहिजे होतं. माझ्या तोंडून आपसूक निघालं,

"ओ!"

आई वळली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.